ओले केस, उघडी दारं

लेस्कोवात्स, ४ मार्च २०१९

बोयाना,

काल रविवारी तू माझा फोन मध्येच ठेवलास, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच ठेवता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. लिहिलेला कागद फाडू नये हे तुला मीच शिकवलं आहे.

मी साधा प्रश्न विचारला होता: लेन्का जूनमध्ये कोणत्या तारखेला येणार? तू म्हणालीस, "ह्या वर्षी नाही, आत्या." मी विचारलं, का? तू म्हणालीस, "नंतर बोलू," आणि फोन ठेवलास. चार वर्षं तुझी मुलगी उन्हाळ्याचे सहा आठवडे माझ्याकडे असते. एकाहत्तराव्या वर्षी माझं वर्ष म्हणजे ते सहा आठवडे. बाकीचे नुसते जातात. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

कारणं मीच शोधली. न्हाणीघराच्या फरशा उखडल्या होत्या, त्या बसवून घेतल्या. वुकोताला मी सगळ्यांसमोर बूट बाहेर काढायला लावले होते. तुझ्या नवऱ्याला तेवढ्यावरून राग आला असेल, तर तो माणूस समजले होते त्याहून लहान आहे. तिसरी गोष्ट तुझ्या टोपीची. डिसेंबरात घरच्या संतदिनाच्या जेवणाला तू सगळा वेळ लोकरी टोपी घालून बसलीस. शेजारची मिलुंका मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अगं विदा, तुझी भाची पाद्रीबुवांसमोर टोपी घालून जेवतेय! नोवी सादला हल्ली असंच असतं का?" मी म्हटलं, "तिला सर्दी आहे." तुझ्यासाठी मी खोटं बोलले आणि तू मला त्याचंही कारण सांगितलं नाहीस.

लेन्काच्या बाबतीत माझ्याकडून कुठे कमी पडलं असेल तर ते लिही. जानेवारीत ती इथं दोन आठवडे होती. वेळेवर जेवली, वेळेवर झोपली. न्हाऊन झाल्यावर ड्रायरनं तिचं डोकं पूर्ण कोरडं केल्याशिवाय मी तिला न्हाणीघराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. एकदाही शिंकली नाही.

कारण कळव.

विदोसावा आत्या


नोवी साद, १३ मार्च

प्रिय आत्या,

फोन ठेवायला नको होता. पण बोलत राहिले असते तर रडले असते, आणि रडणाऱ्या माणसाशी तू बोलत नाहीस.

कारण टोपीखाली आहे. माझे केस गेले आहेत. सगळे नाहीत. डोक्याच्या मध्यावर तळहाताएवढ्या जागेत विरळ झालेत, खालची कातडी दिसते. दोन्ही कानशिलांवर तर बोटभर मागे सरकलेत. मला हे कसं कळलं ते ऐक. तुला माझं काम माहीत आहे: शनिवारी शनिवारी नगरपालिकेत लग्नं लावते, जोडप्यापुढे नोंदवही धरते. ऑक्टोबरात एका नवरीच्या भावानं जिन्यावरून फोटो काढला आणि तिनं आभार म्हणून मला पाठवला. नवरी सही करतेय, नवरा हसतोय आणि मी वहीवर वाकलेय. मध्ये काहीतरी पांढरं चकाकतंय. आधी वाटलं, दिव्याचा उजेड पडलाय. मग कळलं की ते माझं डोकं आहे. ह्या गावातल्या किती घरांच्या भिंतींवर मी अशी टांगलेली असेन देव जाणे.

मी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "केस कशानं वाळवता?" म्हटलं, ड्रायरनं. "किती गरम?" म्हटलं, असतो तितका. "ओले असतानाच?" म्हटलं, हो, आमच्या घरी ओल्या केसांनी दाराबाहेर जायचं नसतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "कुणाच्या घरी जायचं असतं? माझी आईसुद्धा अजून ओरडते." मग विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, नऊ वर्षांची होते तेव्हापासून. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी तुला दोष देत नाही. पण लेन्का जानेवारीत घरी आली तेव्हा तिच्या मानेवर, केस संपतात तिथं, लाल पट्टा होता. विचारलं तर म्हणाली, "आजीचा वारा चावला. पण मी ओरडले नाही, कारण ओरडलं की जास्त वेळ लागतो." नऊ वर्षांची असताना मीही हेच म्हटलं असतं.

म्हणून ह्या वर्षी नाही.

तुझी,
बोयाना


लेस्कोवात्स, १८ मार्च

बोयाना,

पत्र मिळालं. मानेवरच्या पट्ट्याबद्दल मला माहीत नव्हतं. पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. तेवढं मान्य.

बाकीचं मान्य नाही. ड्रायर आख्ख्या सर्बियात घरोघरी आहे. ओलं डोकं घेऊन दोन उघड्या खिडक्यांच्या मधल्या वाऱ्यात, आपल्या प्रोमायात, कोण शहाणं माणूस उभं राहतं? आणि त्यापायी टक्कल पडलेली एक बाई मला ह्या गल्लीत दाखव. माझ्या घरात होतीस तोवर तुला ना कानदुखी झाली ना घसा धरला. कॉलेजात गेल्यावर तू ती चिमट्यासारखी इस्त्री घेतलीस, स्ट्रेटनर. रोज सकाळी केसांतून वाफ निघायची, मी सुट्टीत डोळ्यांनी पाहिली आहे. केस रंगवलेस. शेपटी इतकी घट्ट बांधायचीस की भुवया वर जायच्या. ते सगळं विसरलीस आणि नऊ वर्षांची असतानाचा ड्रायर बरा आठवला. डॉक्टरीणबाईंना वाटेल ते वाटो. आधी रक्त तपासून घे, गळ्याची ग्रंथी पाहून घे आणि आठवड्यातून दोनदा कलेजी खा.

निशवरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली आहे. त्यात भाजक्या मिरच्यांच्या आयवारच्या तीन बरण्या आहेत आणि केस धुवायला कुंपणाकडच्या झोंबऱ्या पाल्याची सुकवलेली पानं आहेत. उकळून, गार करून वापर. ड्रायव्हर मिशीवाला आहे, त्याला म्हटलं, "बरणी फुटली तर परत येताना माझ्यासमोर उतरायचं नाही." तो म्हणाला, "मावशी, तुमच्या बरण्यांना घाबरून मी वळणावर ब्रेक लावत नाही." बुधवारी संध्याकाळी पाचला स्थानकावर जा. बरण्या परत पाठव.

लेन्का जूनमध्ये येईल. मी गादीला ऊन देऊन ठेवलं आहे.

विदोसावा


नोवी साद, २ एप्रिल

प्रिय आत्या,

बरण्या धुऊन पाठवल्या आहेत. आयवार वुकोतानं चमच्यानं खाल्लं आणि म्हणाला, बूट काय, ह्यासाठी मी मोजेही बाहेर काढीन.

रक्त तपासलं. ग्रंथी ठीक, लोह ठीक. कलेजी मला आवडत नाही, आणि ते तुलाही माहीत आहे.

डॉक्टरीणबाईंनी डोकं भिंगाखाली पाहिलं. म्हणाल्या, मधले केस गळलेले नाहीत, तुटलेत. मुळापासून दोन-तीन बोटांवर तुटतात, आणि वाढण्याआधी पुन्हा तुटतात. म्हणून डोकं रिकामं दिसतं. उष्णता थांबवली तर ते येतील. कानशिलांचं वेगळं आहे. तिथं वर्षानुवर्षं गरम असतानाच ओढले गेलेत, ब्रशनं ओढले, मग शेपटीनं. मुळंच दमलीत. त्यातले किती परत येतील ते त्या सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं, दोनदा नाही सांगितलं.

तू स्ट्रेटनरबद्दल लिहिलंस ते खरं आहे. ते माझं मी केलं, शेपटीसुद्धा. तुझ्यावर ढकलणार नाही. पण आत्या, मी विसाव्या वर्षी वसतिगृहात न्हाऊन गॅलरीत जाऊ शकत नव्हते. मैत्रिणी ओल्या केसांनी बाहेर सिगारेट ओढत बसायच्या आणि मी आत प्लगजवळ उभी. कोणी दार उघडलं की मी धावत जाऊन लावायचे. तीस वर्षांच्या आसपास मला कळलं की ही थंडी नाही, भीती आहे. आणि ही भीती माझी नाही. ती कोणीतरी दर शनिवारी माझ्या डोक्यावर ओतली आहे. कशाची होती गं?

काल लेन्का बाहुलीला न्हाऊ घालत होती. मग बाहुलीला गुडघ्यात घट्ट धरून तोंडानं ड्रायरचा आवाज काढत होती आणि म्हणत होती, "हलू नकोस, मरशील." हे मी तिला शिकवलेलं नाही.

तू तीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत लोकर तपासलीस. सोबतच्या पाकिटात माझे केस आहेत, तुटून ब्रशात आलेले. माझं किंवा डॉक्टरीणबाईंचं ऐकू नकोस. तपास.

बोयाना


लेस्कोवात्स, २९ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

बोयाना,

उशीर झाला, कारण तपासलं.

घरी माझ्याकडे फक्त प्रयोगशाळेतला तापमापी होता, कारखाना बंद झाला तेव्हा आणलेला. ड्रायर पूर्ण गरम लावून मी तो एक वीत अंतरावर धरला. सोसण्याजोगं होतं. मग जितक्या जवळून मी तुझे केस वाळवायचे तितक्या जवळ धरला, बोटभर. पारा शंभराच्या वर गेला आणि चढतच राहिला, तेव्हा मी बंद केला. काच फुटली असती. तेव्हा ड्रायरखाली काच नव्हती, तुझं डोकं होतं, म्हणून मी कधी बंद केला नाही.

सूक्ष्मदर्शक चेदाकडे आहे. चेदोमिर, रंग विभागातला. कारखान्याचं सामान भंगारात जात होतं तेव्हा त्यानं तो उचलून गॅरेजमध्ये ठेवला होता, मिरच्यांच्या माळांखाली. मला दारात पाहून म्हणाला, "विदा! पंधरा वर्षं कॉफीला बोलावतोय, तेव्हा नाही आलीस. आता काय हवंय?" मी म्हटलं, "भिंग हवंय. कॉफी नको." तो म्हणाला, "कॉफी नाही तर भिंग नाही." प्यायले. पातळ होती.

मी तुझा केस काचेवर ठेवून पाहिला. मग चेदाला पाहायला सांगितलं, कोणाचा धागा ते न सांगता. त्यानं डोळा लावला आणि लगेच म्हणाला, "वाळवणी. कोणीतरी ओल्या मालावर पूर्ण आच सोडली आहे. बघ ना, आतून बुडबुडे आलेत. हा माल धुण्याच्या लायकीचा नाही, हाताला लागला की तुटेल. कुठल्या मेंढीचा आहे?"

मी सांगितलं. मग त्यानं मला दुसरी कॉफी ओतली आणि मी तीही प्यायले.

धाग्यातलं पाणी एकदम तापलं की आतल्या आत उकळतं. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, ती धागा पोकळ करून टाकते. हे वाळवणी विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला मी पहिल्या दिवशी सांगत असे. भिंतीवर पाटी होती, पाटीवर सही माझी. १९९६च्या फेब्रुवारीत स्तोयान्का नावाच्या कामगारणीनं रात्रपाळीची गाडी चुकू नये म्हणून आच वाढवली आणि कोटाच्या कापडाचा एक आख्खा गठ्ठा कागदासारखा फाटायला लागला. तिला मी लेखी ताकीद दिली. ती रडत होती. मी तिला म्हटलं, "लोकर हे जनावराचे केस आहेत. तुमच्या डोक्यावर असं कराल का?" हे शब्द माझे आहेत, मला नीट आठवतात. तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी शनिवार. तू तेरा वर्षांची होतीस, न्हाणीघरात स्टुलावर बसली होतीस, आणि मी ब्रशनं ओढून ओढून, बोटभर अंतरावरून, तुझे केस कोरडे केले.

तू विचारलंस, भीती कशाची. लिहिते.

तुझी आई वेरित्सा आजारी पडली त्याच्या पाच दिवस आधी मी तुमच्याकडे जेवायला आले होते. ९२चा फेब्रुवारी. तुझा बाप ट्रक घेऊन गेलेला. वेरित्सा न्हाऊन आली आणि तशीच, ओल्या डोक्यानं, अंगणात दोरीवरचे कपडे काढायला गेली. खिडकीतून मला तिच्या केसांतून वाफ निघताना दिसत होती. ती कोणाशी तरी कुंपणावरून हसत बोलत उभी राहिली. बोलवावं असं मनात आलं, पण आदल्या आठवड्यात आमची बाचाबाची झाली होती आणि मला तिचं पुन्हा ऐकून घ्यायचं नव्हतं. मी सूप ढवळत राहिले. पाच दिवसांनी मेंदूज्वर, नऊ दिवसांनी संपलं. मग तू माझ्याकडे राहायला आलीस.

डॉक्टरनं सांगितलं, हा जंतूचा आजार, ओल्या केसांचा नाही. मला ते सांगायची गरज नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्रात मला दहापैकी नऊ गुण होते. सोमवार ते शुक्रवार मला ते माहीत असायचं. शनिवारी तू न्हाऊन बाहेर यायचीस तेव्हा माहीत नसायचं.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या बापालाही नाही.

तुझे केस काचेत बंद करून ठेवले आहेत. नमुना फेकत नाहीत.

आत्या


नोवी साद, १२ मे

प्रिय आत्या,

पत्र मी दोनदा वाचलं. मग वुकोताला वाचायला दिलं. त्यानं घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "ह्या बाईला फोन कर." पण फोनवर तू म्हणशील, "बास, बिल वाढतंय."

आई कुंपणावरून माझ्या शाळेतल्या बाईंशी बोलत होती. मला आठवतंय, मी आतल्या खोलीत होते. बाई सांगत होत्या की माझं अक्षर सुधारलंय. आई त्यासाठी हसत होती. म्हणजे त्या दिवशी तू हाक मारून तिला आत बोलावलं असतंस तर तिचं ते ऐकायचं राहून गेलं असतं. तुला हे माहीत असावं म्हणून लिहिते.

मी केस कापले. कानाइतके. टोपी न घालता कामावर गेले. पहिल्याच लग्नात नवऱ्याची आजी माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "ही आत्ताच लष्करातून सुटली का?" नवरी शरमेनं लाल झाली. मी म्हटलं, "नाही आजी, ड्रायरमधून." कोणाला कळलं नाही, पण मला फार बरं वाटलं. मध्यावर बारीक नवे केस दिसतायत, उभे, पिल्लाच्या पिसांसारखे. कानशिलांवर अजून काही नाही.

आता लेन्काचं. ती रोज विचारते. गादीला ऊन दिलंय हे मी तिला सांगायची चूक केली. पण मला एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. ती नदीवरून ओली येईल, घरात दोन्ही दारं उघडी असतील, आणि तू खुर्चीत बसलेली असशील. तुला बसून राहता येईल का? हो असेल तर लिहून दे. तुझं लेखी असेल तर मी काही विचारणार नाही.

बोयाना


लेस्कोवात्स, २७ मे

बोयाना,

लेखी देता येत नाही. जे तपासलेलं नाही त्यावर मी सही करत नाही.

म्हणून तपासते आहे. लेन्का इथं नसल्यामुळे स्वतःवर. मंगळवारी डोकं धुतलं, टॉवेलनं नुसतं टिपलं, पुढचं-मागचं दार उघडलं आणि मध्ये खुर्ची टाकून बसले. मिलुंका भाजी द्यायला आली. दारातच तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "विदा, काय गं हे! जीव द्यायचाय तर चर्चमध्ये सांगून तरी ये!" अकरा मिनिटं बसले. मग उठून मागचं दार लावलं. गुरुवारी एकोणीस मिनिटं. शनिवारी पुन्हा अकरा, त्या दिवशी वारा होता. आज बेचाळीस मिनिटं. केस आपोआप वाळले. मला त्यांचा रंग असा आहे हे माहीत नव्हतं.

निष्कर्ष असा: स्वतःच्या डोक्याचं जमतं. तिच्या डोक्याचं जमेल असं म्हणवत नाही. उठणार नाही असं वचन देत नाही. पण उठले तरी हातात काही लागू नये, एवढी व्यवस्था करता येते. ड्रायर कपाटात असेपर्यंत मी तो काढीन, मी स्वतःला ओळखते. फेकून दिला तर मिलुंकाचा मागून आणीन. मिलुंकाला बजावून ठेवलं आहे की कितीही विनवलं तरी मला द्यायचा नाही. ती म्हणाली, "हे मला आवडलं, विदा. आयुष्यात एकदा तुला नाही म्हणायला मिळेल."

तेव्हा तू स्वतः ये. मुलगी घेऊन ये आणि ड्रायर घेऊन जा. एक देणं, एक घेणं, दोन्ही एकाच वेळी, कागदावर. कारखान्यात कुलपाची किल्लीसुद्धा आम्ही कागदाशिवाय दिली नाही.

येणार नसशील तरी कळव. गादी आत घ्यावी लागेल.

आत्या


हस्तांतराची नोंद

स्थळ: लेस्कोवात्स बसस्थानक, फलाट ३. दिनांक: शनिवार, २२ जून २०१९. वेळ: दुपारी १ वाजून २० मिनिटं. तापमान: सावलीत ३४.

विदोसावा त्साकिच, निवृत्त वस्त्रतंत्रज्ञ, यांनी बोयाना, विवाह नोंदणी अधिकारी, नोवी साद, यांच्या हाती दिलं:

केस वाळवण्याचा ड्रायर, नग एक, खरेदी १९८६, चालू स्थितीत, वायरला एके ठिकाणी चिकटपट्टी. गोल ब्रश, नग एक. काचेतला केसाचा नमुना, नग एक, तिनं स्वतः मागितला म्हणून.

बोयाना यांनी विदोसावा यांच्या हाती दिलं:

मुलगी, नाव लेन्का, वय सात वर्षं चार महिने. बॅग एक. टॉवेल दोन. बाहुली एक.

शेरा: मुलीनं बसमधून उतरताच स्थानकाच्या नळाखाली डोकं धरलं. आईनं अडवलं नाही. मीही अडवलं नाही. स्वीकारताना मुलीचे केस ओले, पाणी मानेवरून फ्रॉकमध्ये ओघळत असलेलं. स्थानकाची दोन्ही दारं उघडी, वारा नदीकडून.

आहे त्या स्थितीत स्वीकारली.

देणार: बोयाना
घेणार: विदोसावा त्साकिच
साक्षीदार: ले न् का